बुर्जखालच्या वळणावरचा पहारा

बसा रे, भिंतीला टेकून बसा. जनरेटर बंद झाला, आता सकाळी सहापर्यंत दिवा नाही. मोबाइल खिशात ठेवा. त्या उजेडात एकमेकांची तोंडं मेल्यासारखी दिसतात, आणि मला आज तेवढंही सोंग नको आहे.

"काका, पण खरं घडलेलं सांगा हं. तुमच्या घरी कबुतरं आहेत. कबुतरवाल्याची साक्ष कोर्टातसुद्धा धरत नाहीत!"

कबुतरं माझा मेहुणा पाळतो, गाढवा. मी मोटरसायकली दुरुस्त करतो. आणि ही गोष्ट ज्याची आहे तो मित्री माझ्या दुकानात लहानाचा मोठा झाला. तिसरीतून शाळा सुटली त्याची. मास्तरांवर शाईची दौत फेकली होती म्हणून. असा पोरगा. आधी हात चालायचा, मग डोकं.

तर फेब्रुवारीची नऊ तारीख. शुक्रवार. रात्रीचा पावणेदोनचा सुमार. मित्री पोळ्यांच्या भट्टीवर आला. पहिल्या घाण्याच्या गरम पोळ्या प्लास्टिकच्या चार टोपल्यांत भरल्या, टोपल्या मोटरसायकलच्या मागे दोरीने आवळल्या. त्या घेऊन बंदरातल्या कामगारांच्या खाणावळीत दोनच्या आत पोचायचं, रिकाम्या टोपल्या आणायच्या. रोजचं काम. गाडी त्याच्या भावाची, दोरी भावाची, कामही भावाचंच. तो थोरला भाऊ, नखले, गेला आणि आठवड्याने भट्टीवाल्याने ते मित्रीला दिलं.

बंदराकडे उतरायला दोन रस्ते. एक लांबचा, मोठ्या रस्त्याने वळसा घालून. दुसरा बुर्ज चौकाच्या खालून, त्या उताराच्या वळणावरून, जिथे गाड्या लावायची मोकळी जागा आहे. त्या वळणाने दहा मिनिटं वाचतात. पण मित्रीच्या आईने, थोरल्याच्या नावावरून आपण उम्म नखले म्हणतो तिने, त्याला मरियमच्या तसबिरीवर हात ठेवायला लावून शपथ घातली होती. वळणाने जायचं नाही.

कारण नखले त्या वळणावर मेला होता.

जानेवारीच्या तीन तारखेची पहाट. नखले रस्त्यावर पालथा पडलेला. गाडी मात्र पडलेली नव्हती. स्टँडवर नीट उभी, किल्ली बंद केलेली, टोपल्या जशाच्या तशा. अंगावर ओरखडा नाही. कागदावर लिहिलं, हृदय बंद पडलं. तीस वर्षांचा माणूस, चौथ्या मजल्यापर्यंत दोन दोन गॅसच्या टाक्या चढवणारा! लोकांना ते पटेना. मग लोकांनी स्वतःच कारण शोधलं. प्यायला होता म्हणाले. पिऊन रस्त्यात झोपला आणि थंडीने गेला. शेजारणी उम्म नखलेचं सांत्वन करायला यायच्या आणि जिन्यात तेच बोलत उतरायच्या. ती ऐकायची. तिने जेवण सोडलं. दिवसाला कॉफीचे दोन कप आणि अर्धी पोळी.

मित्रीला एवढंच हवं होतं. भाऊ कसा मेला ते कळायला हवं होतं. रविवारी नखलेचा चाळिसावा दिवस होता. चर्चमध्ये नखलेचं नाव मेलेल्यांत वाचलं जाणार, उकडलेले गहू वाटले जाणार, आणि तेच लोक बेवड्याच्या नावाने ते गहू खाणार. हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. झोप नाही. दुकानात यायचा, पाना उचलायचा, ठेवायचा, बाहेर जायचा, परत यायचा. मी म्हणायचो, "अरे, एका जागी बस." तो म्हणायचा, "बसलोच आहे की," आणि उभाच असायचा.

त्या रात्रीच्या आधी, शुक्रवारी दुपारी, माझ्याकडे हिल्मी आला. वळणावरच्या मोकळ्या जागेत गाड्या राखणारा म्हातारा हिल्मी. पत्र्याच्या खोपटात रात्र काढायचा. त्याच्या स्कूटरचा टायर पंक्चर होता. त्याने मित्रीला बघितलं आणि मागे वळला.

"हिल्मी," मी म्हटलं, "टायर चालत जाणार का तुझा?"

तो थांबला. टोपी काढली. मग मित्रीकडे न बघता म्हणाला, "पोरा, तुझा भाऊ प्यायलेला नव्हता."

मित्रीने पाना खाली टाकला.

"मी बघितलं त्याला. खोपटातून. दोन वाजायला आले होते. वळणावर आला, गाडी थांबवली. स्टँडवर लावली. उतरला. समोर कोणीतरी उभं असावं तसा बोलला. हसून बोलला बाबा. म्हणाला, 'अरे, थकलास की तू. आण इकडे, मी धरतो.' आणि दोन्ही हात पुढे केले."

"कोण होतं समोर?"

"कोणी नव्हतं."

"मग?"

"मग त्याचे हात खाली गेले. जड काही घेतल्यासारखे. आणि तो भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला. मी हाक मारली. त्याने मान वळवली नाही. पाऊस आला, तरी उभा. पहाटेपर्यंत उभा होता, मित्री. उजाडलं तसा पडला."

मित्रीने त्याची गचांडी धरली. मी मध्ये पडेपर्यंत म्हाताऱ्याची पाठ शटरवर आपटली होती.

"सदतीस दिवस! सदतीस दिवस तोंडात बोळा घालून बसलास? अख्खी गल्ली माझ्या भावाला बेवडा म्हणतेय!"

"आणि हे सांगितलं असतं तर मला काय म्हणाली असती? हाजी? वेडाच म्हणाली असती," हिल्मी म्हणाला. "त्याच्याजवळ जायला हवं होतं मला. गेलो नाही. भ्यालो. मार हवं तर."

मित्रीने हात सोडला. मी दोघांना खुर्च्यांवर बसवलं आणि कॉफी ठेवली. मग हिल्मीने ते सांगितलं, जे त्याच्या घरात बापाकडून मुलाला सांगत आले होते.

फार जुनी गोष्ट. रशियाच्या राणीचं आणि सुलतानाचं युद्ध जुंपलेलं. राणीचं आरमार इतक्या लांब येऊन आपल्या बंदरात शिरलं. तोफा डागल्या, तोफा उतरवल्या, शहर घेतलं, आणि थंडीचे चार महिने धरून ठेवलं. वळण आहे तिथे तेव्हा शहराची वेस होती. त्या वेशीवर त्यांनी राणीची मोठी तसबीर टांगली. घोड्यावर असो, गाढवावर असो, तसबिरीखालून जाताना उतरायचं आणि वाकायचं. नाही उतरला तर गोळी. आपली माणसं काही कमी नव्हेत. उतरायची आणि चपलेचा पट्टा आवळायला वाकायची. म्हणायची, "तुझ्या बाईला नाही रे, माझ्या चपलेला वाकलो!" हिल्मीच्या घरात अजून त्या वळणावर गाडीवरून कोणी बसून जात नाही. उतरतात, बुटाच्या नाडीला हात लावतात, गाडी दहा पावलं ढकलतात आणि मग बसतात.

"मग सौदा ठरला आणि एका रात्रीत शिडं उभारून ते गेले," हिल्मी म्हणाला. "वेशीवरच्या पहारेकऱ्याला बोलवायचं राहून गेलं. आणि त्यांचा नियम असा की दुसऱ्याने हातातली बंदूक घेतल्याशिवाय पहारा सोडायचा नाही. सोडला नाही त्याने. शहरातल्या लोकांनी त्याचं काय केलं ते तू समज. पण मेला तरी त्याने सोडला नाही. आमच्याकडे पोरांना बजावून सांगतात, तिथे उतरा, वाका, काहीही करा, पण तिथे कोणाला मदतीचं बोलू नका."

बघा, पोरांनो. आपल्याकडे कोणाच्या हातात जड काही दिसलं की तोंडातून निघतंच, आण इकडे, मी धरतो. समोरचा म्हणतो, नको नको, राहू दे. झालं, दोघं आपल्या वाटेने जातात. कोणी खरंच देत नाही. नखलेच तेवढा वेडा, तो खरंच घ्यायचा. आणि त्या परक्या मुलखाच्या माणसाला काय ठाऊक, की यावर "नको, राहू दे" म्हणायचं असतं?

"म्हणजे माझा भाऊ आत्ता तिथे उभा आहे," मित्री म्हणाला.

हिल्मीने कप खाली ठेवला.

"किती वेळ उभा राहणार?"

"आधीचा अडीचशे वर्षं उभा होता," हिल्मी म्हणाला.

मी मित्रीच्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं. म्हटलं, "मित्री, वेड्यासारखं काही करायचं नाही. तुझ्या आईला आता तू एकटा आहेस."

"आईला नखले हवाय," तो म्हणाला. "मी कधी कामाचा होतो? घर त्याने चालवलं. मास्तरांची माफी त्याने मागितली. त्याला घरी जाऊ दे. मी राहतो उभा. मला नाहीतरी झोप येत नाही."

मेलेला माणूस घरी येतो का, हे त्याला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. त्याच्या तोंडावर ते विचारवेना.

तर, पावणेदोन. रात्री घरून निघताना आई जागीच होती. काळ्या शालीत, स्वयंपाकघरात.

"लांबच्या रस्त्याने जा हं."

"हो गं."

"टोपी घातलीस का?"

"हो गं."

"मित्री, मला आता तूच आहेस."

"हो गं, आई," तो म्हणाला आणि दार ओढून घेतलं. खाली उतरल्यावर पुन्हा वर बघितलं. खिडकीत ती उभी होती. त्याने हात केला नाही. हात केला असता तर पाय निघाला नसता, असं मला नंतर म्हणाला.

भट्टीवरून निघाला. चौकापाशी आला. सरळ गेलं की लांबचा रस्ता. त्याने हँडल डावीकडे वळवलं.

रस्त्याला दिवे नाहीत. समुद्रावरून वारा. खाली बंदरात फुटलेल्या कोठारांची काळी भिंत, आणि एका जहाजाचा एकच दिवा. हिल्मीचं खोपटं बंद. त्या रात्री तो कामावर आलाच नव्हता.

उतार लागला. मित्रीने वेग कमी केला. वळण आलं.

गाडी बंद पडली.

फट्‌ नाही, फुस्‌ नाही. नुसती बंद. इंजिनाबरोबर पुढचा दिवाही गेला. गाडी उतारावर हळूहळू थांबली. एक पाय जमिनीवर. ब्रेक दाबलेला.

वास आला. डांबराचा. आणि ओल्या लोकरीचा.

त्याने आधी ऐकलं. कोणीतरी श्वास घेत होतं. ओझं वाहणारा माणूस घेतो तसा. मोजून.

मग दिसलं.

भिंतीला पाठ लावून कोणीतरी ताठ उभं होतं. खांद्याला लांब काहीतरी टेकवलेलं. डोक्यावर काही नाही. नखले कधी ताठ उभा राहत नसे. सगळा भार डाव्या पायावर टाकून, उजवा गुडघा मोडून उभा राहायचा. हा दोन्ही पायांवर उभा होता. सरळ. खुंटीसारखा.

पण नखलेच होता.

"दादा..."

...

"दादा, मी आहे. मित्री."

तो समुद्राकडे बघत होता. मित्रीच्या डोक्यावरून.

"आई जेवत नाही रे. तुझ्या खोलीचं दार उघडं ठेवते रात्रीचं. मला म्हणते थंडी येते म्हणून लाव, आणि मी लावलं की उठून उघडते..."

...

"लोक काय काय बोलतात. मी दोघांचे दात पाडले. आता तू नाहीस माफी मागायला."

काही नाही. फक्त श्वास. खांदा थरथरत होता. फार थोडा. ओझ्याने थरथरतो तसा.

मित्रीला रडू फुटलं. मग राग आला. त्याला नेहमी तसंच व्हायचं, आधी रडू, मग राग.

"बोल की! सदतीस दिवस झाले!"

...

"बरं. नको बोलू. घरी जा. जिना चढ, दार उघडंच आहे. मी उभा राहतो इथे."

आणि त्याने गाडीवरून पाय उचलला.

बंदूक खाली आली.

खांद्यावरून खाली. हातात. नळी सरळ त्याच्या छातीवर.

मित्री तसाच राहिला. एक पाय हवेत.

"मला?" तो म्हणाला. हसलाच. "मला मारतोस? मला?"

नळी हलली नाही. पण नखलेने पहिल्यांदा खाली बघितलं. त्याच्याकडे. आणि मान हलवली. इकडून तिकडे. एकदाच. लहानपणी मित्री गच्चीच्या कठड्यावर चढायचा तेव्हा खालून हलवायचा, तशी.

"नाही ऐकणार मी," मित्री म्हणाला.

...

"दादा, हात बघ तुझे. कापतायत. थकलास तू."

नखलेने पुन्हा मान हलवली. जोरात.

मित्रीने ब्रेक सोडला. दोन्ही हात पुढे केले.

"आण इकडे, मी ध..."

उजेड झाला.

आवाज नाही. नुसता उजेड, पिवळा. तोंडावर गरम वारा. पुढच्या दिव्याची काच फुटली. मित्री दचकून मागे कोसळला तो सीटवरच. गाडी सुटली. उतार. टोपल्या खडखडल्या. त्याने हँडल धरलं म्हणून वाचला. मागे बघायचा प्रयत्न केला. वळण मागे गेलं होतं. अंधार...

तळाशी, बंदराच्या फाटकापाशी, गाडी आपोआप सुरू झाली.

फाटकावरच्या माणसाने टोपल्या उतरवून घेतल्या. म्हणाला, "आज लवकर आलास. रडतोयस का रे?" मित्रीने विचारलं, "गोळीचा आवाज आला का?" तो म्हणाला, "कसली गोळी? वारा आहे." मित्री लांबच्या रस्त्याने घरी आला. आई खिडकीतच होती. त्याने तिला सगळं सांगितलं. तिने त्याच्या थोबाडीत मारली, आणि मग त्याला धरून सकाळपर्यंत बसली. त्या रात्री तो तिच्या मांडीवर झोपला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

"काका, मग परत गेला तिथे?"

नाही गेला. रविवारी चाळिसावा झाला. नखलेचं नाव वाचलं तेव्हा मित्री पुढे उभा होता, आईचा हात धरून. हिल्मीही आला होता. गहू वाटताना त्याने सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगितलं की हा माणूस प्यायलेला नव्हता, मी साक्षीला आहे. कोणी हसलं नाही.

"आणि नखले?"

...

ते मला विचारू नका.

"पण काका, मित्रीला स्वप्न पडलं असेल. झोप नव्हती ना त्याला. दिवा खड्ड्यात आपटून फुटला असेल."

मीही तेच म्हटलं. शनिवारी सकाळी गाडी माझ्याकडे आली. पुढच्या दिव्याची काच फुटलेली. मी म्हटलं, खड्डा. दिव्याची वाटी काढली, उलटी केली. आत काहीतरी खडखडलं आणि माझ्या तळहातावर पडलं.

शिशाची गोळी. आताची नव्हे. आताच्या लांबट असतात, मी लढाई बघितली आहे, मला काय सांगता. ही गोल. हाताने ओतलेली, कडेला शिवण राहिलेली. मोठ्या बोराएवढी.

सोमवारी उम्म नखले दुकानात आली. मी तिला दाखवणार नव्हतो, मित्रीनेच सांगितलं. तिने गोळी तळहातावर घेतली. अंगठा फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला.

"दातांच्या खुणा आहेत," ती म्हणाली.

मी चष्मा लावून बघितलं. होत्या. शिसं मऊ असतं. त्या जुन्या बंदुका ठासताना गोळी दातांत धरायचे, तशी कोणीतरी ती धरली होती. जोरात.

बाहेर एक टेम्पो मागे घेत होते, त्याचं पीं पीं चाललं होतं. ते थांबल्यावर म्हणाली, "माझ्या नखलेच्या पुढच्या दोन दातांत फट होती. लहान होता तेव्हा त्यातून पाणी उडवायचा मित्रीच्या अंगावर."

गोळी तिने घरी नेली नाही. मित्रीनेही मागितली नाही. म्हणून ती माझ्याकडे आहे.

कर हात पुढे. तू रे, खड्डावाल्या. नको, उजेड नको. नुसतं बोट फिरव. हळू... अजून थोडं खाली...

लागली फट?